महागडा सेफ्टी रेझर घ्यावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोपऱ्यावरच्या दुकानात २००-३०० रुपयांत सेफ्टी रेझर मिळतो. मग ४-५ हजारांचा कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. घरचे तो विचारतात, मित्र विचारतात, आणि विकत घेणारा स्वतःलाही विचारतोच. पुढची उत्तरं लिहिताना बहुतेक वेळा मर्कूर ३४सी हा जर्मन रेझर डोळ्यांसमोर आहे, कारण पहिला महाग रेझर म्हणून सगळ्यात जास्त नाव त्याचंच निघतं. पण यातलं बरंचसं कुठल्याही चांगल्या रेझरला लागू पडेल.

सेफ्टी रेझर म्हणजे सलूनमध्ये असतो तोच ना?

नाही. सलूनमध्ये असतो तो वस्तरा. पूर्वी त्याला कायमचं पातं असायचं, आता न्हावी ब्लेडचे दोन तुकडे करून अर्धं ब्लेड त्यात सरकवतात. त्याची धार उघडी असते, सगळी भिस्त हातावर. सेफ्टी रेझरमध्ये दोन्ही कडांना धार असलेलं अख्खं ब्लेड वरच्या टोपी आणि खालच्या पट्टीच्या मध्ये वाकवून घट्ट दाबलेलं असतं. कड जेमतेम बाहेर डोकावते आणि पट्टी त्वचेला आधार देते.

हे ब्लेड साधारण ४३ मिलिमीटर लांब, २२ मिलिमीटर रुंद आणि ०.१ मिलिमीटर जाड असतं. जगातल्या जवळजवळ प्रत्येक सेफ्टी रेझरमध्ये याच मापाचं ब्लेड बसतं, मग तो जर्मन असो, जपानी असो की आपल्याकडचा. रेझर एका कंपनीचा, ब्लेड दुसऱ्याच कंपनीचं, आणि कुणाची काही हरकत नाही. पाती आधीच बसवलेलं डोकं दांडीवर अडकवायचं असतं अशा कार्ट्रिजच्या रेझरमध्ये नेमकं हेच होत नाही. दांडी घेतली की पुढची सगळी खरेदी त्याच कंपनीकडून करावी लागते.

गंमत अशी की ब्लेड टाकून द्या आणि नवीन घ्या, ही कल्पना रुजवली ती सेफ्टी रेझरनेच. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकी विक्रेत्याला ती १८९५ च्या सुमारास सुचली. इतक्या पातळ पोलादाला धार लावून ते कडक कसं ठेवायचं, हे कोडं विल्यम निकर्सन या अभियंत्याने सोडवलं. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, खपले ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं. पुढच्या वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांच्या वर गेला, आणि त्याच वर्षी, म्हणजे १९०४ च्या नोव्हेंबरात, पेटंटही मिळालं. पेटंटची मुदत संपल्यावर ब्लेडं कुणीही बनवू लागला. १९७१ मध्ये जिलेटनेच दोन पात्यांची बंद कार्ट्रिज बाजारात आणली, तेव्हा गिऱ्हाईक पुन्हा बांधलं गेलं.

महाग रेझरमध्ये जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

अचूकपणाचे. गुळगुळीतपणाचे नव्हेत, आणि गल्लत होते ती इथेच.

दोन मापं समजून घ्या. ब्लेडची कड आणि खालची पट्टी यांच्यातली फट, आणि टोपी व पट्टी यांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या पुढे कड किती बाहेर येते ते अंतर. रेझर सौम्य आहे की जहाल, म्हणजे धार त्वचेला कमी भिडते की जास्त, हे मुख्यतः या दोन्हींवर ठरतं. ही मापं मिलिमीटरच्या अंशांत असतात. कॅनडाच्या हेन्सन कंपनीच्या एएल१३ मध्ये तर ब्लेड जेमतेम ०.०३ मिलिमीटर बाहेर येतं. स्वस्त रेझरच्या ओतकामात एवढी काटेकोर मापं पाळली जात नाहीत, त्यामुळे ब्लेड एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी बाहेर येतं. एका बाजूने दाढी छान होते, रेझर उलटा फिरवला की दुसरी बाजू ओरखडते. माणसाला वाटतं आपला हात वाईट. हात ठीक असतो, ब्लेड तिरकं बसलेलं असतं.

चांगल्या रेझरमध्ये दोन्ही बाजू सारख्या, ब्लेड न थरथरता दाबलेलं, आणि आज जसं बसलं तसंच उद्याही बसणार. थोडक्यात, चांगली दाढी तुम्ही २५० रुपयांच्या रेझरनेही करू शकता. महाग रेझर घेतला की तीच दाढी रोज करता येते.

बाकीचे पैसे धातूचे. मर्कूरचं डोकं झमॅकचं असतं. झमॅक म्हणजे जस्तात अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं मिसळून केलेला मिश्रधातू. तो साच्यात ओततात आणि वरून क्रोमचा मुलामा देतात. त्याहून वर पितळ, आणि त्याहूनही वर यंत्रावर कोरून काढलेलं स्टेनलेस स्टील. झमॅकचा मुलामा उडाला की आतलं जस्त खराब होऊ लागतं, आणि त्यावर इलाज नाही. स्टेनलेसला ती भीती नसते, म्हणून किंमत दुप्पट-तिप्पट. टायटॅनियमचेही रेझर मिळतात, पण पहिला रेझर म्हणून ते घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

मग पहिला कोणता घेऊ?

मर्कूर ३४सी तयार होतो जर्मनीतल्या सोलिंगनला. चाकू, सुऱ्या, कात्र्यांसाठी हे गाव शतकानुशतकं ओळखलं जातं, आणि मालाची मुख्य घडण त्याच भागात झालेली असेल तरच त्यावर ‘सोलिंगन’ छापता येतं, असा तिकडे कायदा आहे. ३४सी बुटका आणि जाडसर आहे, वजन सुमारे ७७ ग्रॅम. दोनच भाग: टोपी, आणि पट्टीसकट मूठ. मुठीचं बूड फिरवलं की टोपी सुटते. सौम्य ते मध्यम यांच्या मधला म्हणता येईल. तक्रारी दोन. साबणाच्या हातात मूठ कधीकधी सटकते. आणि आवळण्यापूर्वी ब्लेड दोन्ही बाजूंनी सारखं दिसतंय ना, हे डोळ्यांनी बघावं लागतं, कारण त्याला किंचित तिरकं बसायची खोड आहे. इतक्या किमतीच्या वस्तूत ही खोड असू नये, असं मलाही वाटतं.

ज्यांना लांब मूठ हवी त्यांनी म्यूलेचा आर८९ पाहावा. म्यूले जर्मनीच्या सॅक्सनी भागातली आणि एडविन जॅगर इंग्लंडमधल्या शेफील्डची, पण एडविन जॅगरच्या डीई८९ चं डोकंही तेच आहे. दोन्हींपैकी स्वस्त मिळेल तो घ्या. म्यूलेचाच आर४१ मात्र टाळा. नाव सारखं वाटतं पण स्वभाव पार वेगळा, फारच जहाल.

दाढी किती राठ आणि त्वचा किती नाजूक, याचा अंदाजच नसेल तर रॉकवेल ६सी किंवा ६एस. सोबत तीन पट्ट्या येतात आणि प्रत्येकीच्या दोन्ही बाजू वापरता येतात, म्हणजे एकाच रेझरमध्ये सहा प्रकार. ‘सी’ क्रोमच्या मुलाम्याचा, ‘एस’ स्टेनलेसचा. मर्कूरच्याच प्रोग्रेसमध्ये बुडाची कळ फिरवून फट कमी-जास्त करता येते. जपानच्या फेदरचा एएस-डी२ स्टेनलेसचा आणि अतिशय सौम्य आहे. रोज दाढी करणाऱ्या, विरळ दाढीच्या माणसाला तो फार आवडतो. दर तीन दिवसांनी करणाऱ्या दाट दाढीवाल्याला त्याच किमतीत वैताग येईल.

पार्करचे रेझर भारतात बनतात आणि पर्लचेही. एवढे पैसे घालायचे नसतील तर त्यांच्यापासून सुरुवात करण्यात काही कमीपणा नाही.

पैसे वसूल होतात का?

हिशेब कशाशी करता त्यावर आहे. समजा कार्ट्रिज १५० रुपयांची आणि तिच्या १२ दाढ्या होतात. दाढीमागे साडेबारा रुपये. ब्लेड ५ रुपयांचं आणि त्याच्या ४ दाढ्या, म्हणजे सव्वा रुपया. फरक सव्वाअकरा रुपयांचा. ४,५०० रुपयांचा रेझर ४०० दाढ्यांत सुटतो. रोज करणाऱ्याला वर्षाहून थोडं जास्त.

पण हाच हिशेब २५० रुपयांच्या सेफ्टी रेझरशी लावला तर महाग रेझर कधीच वसूल होत नाही. ब्लेड दोघांत तेच जातं. ‘बचत होते’ असं सांगून ३४सी विकणारा माणूस अर्धीच गोष्ट सांगतो. शिवाय रेझर घेतला की ब्रश येतो, ब्रश आला की साबण येतो, मग दुसऱ्या सुगंधाचा साबण येतो. हा छंद आहे, आणि छंदाचा जमाखर्च मांडू नये.

नवा रेझर आवडला की नाही, हे ठरवायचं कसं? पहिल्या दाढीत मला काहीच फरक जाणवला नाही.

पहिल्या दाढीत जाणवणारही नाही. त्यातच बहुतेक जण नवा रेझर, नवं ब्लेड, नवा साबण आणि नवा ब्रश एकाच सकाळी वापरायला काढतात. दाढी बरी झाली तर श्रेय कुणाचं आणि लागली तर दोष कुणाचा, हे मग ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला. जुन्या रेझरमध्ये जे ब्लेड वापरत होतात त्याच कंपनीचं, त्याच पाकिटातलं, नवं कोरं ब्लेड नव्या रेझरमध्ये घाला. साबण तोच, ब्रश तोच, पाणी तेच. दाढीची वाढही तीच ठेवा. एरवी एक दिवसाआड करत असाल तर एक दिवसाआडच करा. असे निदान दोन आठवडे जाऊ द्या. तोवर हाताला नव्या वजनाची आणि कोनाची सवय होते. मग त्याच रेझरमध्ये दुसऱ्या कंपनीचं ब्लेड घालून बघा.

फारच चिकित्सक असाल तर अर्धा चेहरा जुन्या रेझरने आणि अर्धा नव्याने करा, पण पुढच्या वेळी बाजू बदला. उजव्या हाताने दाढी करणाऱ्याचा उजवा आणि डावा गाल सारखा होतच नाही, कारण एकीकडे हात सरळ पोचतो आणि दुसरीकडे मनगट वळवावं लागतं. बाजू न बदलता काढलेला निष्कर्ष रेझरबद्दल कमी आणि मनगटाबद्दल जास्त सांगतो.

निकाल आरशासमोर लगेच लावू नका. दाढी आटोपल्यावर सगळेच गाल गुळगुळीत लागतात. खरं ते कळतं तीन-चार तासांनी. गळ्याला कॉलर टोचते का, घाम आला की झोंबतं का, संध्याकाळी हनुवटीखाली खुंट किती हाताला लागतात. आणि एक गोष्ट मुद्दाम बघा: ब्लेडची दुसरी बाजू पहिलीसारखीच चालते का? महाग रेझरकडून मागायची पहिली गोष्ट हीच. ती मिळत नसेल तर आधी ब्लेड सोडवून पुन्हा बसवा. तरीही तसंच असेल तर रेझर बदलून मागा.

कुणा मित्राकडे असेल तर विकत घेण्याआधी दोन आठवडे मागून घ्या. ब्लेड अर्थात तुमचं, आणि रेझर सगळा सुटा करून साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसून घ्यायचा. झमॅकचा रेझर उकळत्या पाण्यात टाकू नका.

हात कसा चालवायचा? कार्ट्रिजची सवय आहे.

कार्ट्रिजचं डोकं मानेसारखं वळतं आणि गालाचा उतार स्वतःच धरतं. इथे ते काम मनगटाचं. टोपी गालावर टेकवा, मूठ जवळजवळ आडवी. मग मूठ हळूहळू खाली आणत जा. कड केसाला लागू लागेल तो कोन तुमचा. पुस्तकी आकडा ३० अंशांच्या आसपासचा आहे, पण बाथरूममध्ये कोनमापक घेऊन कुणी उभं राहत नाही. कानाने ओळखा. कोन बरोबर असला की बारीक, एकसारखी खरखर ऐकू येते. आवाज बंद झाला की कोन चुकला किंवा केस संपले.

जोर लावायचा नाही. नवशिक्यांच्या दहातल्या नऊ तक्रारी इथे संपतात. पोळीवर तूप फिरवताना चमच्याला लावता तेवढाच. ३४सीसारख्या जड रेझरचा फायदा हाच की त्याचं वजन पुरतं. मूठ बुडाजवळ दोन बोटांत धरली की दाबायची इच्छा आपोआप कमी होते.

फटकारे लहान ठेवा, इंच-दीड इंचाचे. आधी सुलट, म्हणजे केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने. मग पुन्हा फेस लावून आडवा हात. उलट हात पहिले दोन आठवडे नकोच, आणि गळ्यावर तर कित्येकांना कधीच लागत नाही. दाढी सुरू करण्यापूर्वी एकदा कोरड्या चेहऱ्यावरून बोट फिरवून केसांची दिशा बघून ठेवा. गालावर ते खाली वाढतात म्हणून गळ्यावरही खाली वाढत असतील असं नाही. अनेकांच्या गळ्यावर ते वर किंवा बाजूला वळलेले असतात, काहींना तर भोवरा असतो.

आंघोळीनंतर दाढी करा, आधी नको. केसात पाणी मुरायला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि भिजलेला केस कापायला कोरड्यापेक्षा खूप कमी बळ लागतं.

ब्लेड कोणतं?

तुमच्या दाढीला मानवेल ते. हे उत्तर चिडवणारं आहे, पण खरं आहे. आपल्याकडे सहज मिळणारी म्हणजे जिलेटची सेव्हन ओ’क्लॉक, मल्होत्रांची टोपाझ आणि ठाण्याच्या विद्युत मेटॅलिक्सने घडवलेल्या सुपरमॅक्स या नावाची. आयात केलेल्यांत जपानची फेदर सगळ्यात धारदार, तुर्कस्तानची डर्बी मवाळ आणि अॅस्ट्रा मधली, असा बोलबाला आहे. नवशिक्याने फेदरपासून सुरुवात करू नये. वेगवेगळ्या कंपन्यांची पाच-सहा पाकिटं आणा आणि एकेक संपवत जा. रेझरवर पाच हजार घालून ब्लेडवर शंभर रुपये घालायला मागेपुढे पाहणारी माणसं मी पाहिली आहेत. खरं तर दाढीत जाणवणारा फरक पाडण्यात ब्लेड रेझरच्या पुढे आहे.

तीन ते पाच दाढ्या झाल्या की बदला. ओढल्यासारखं वाटलं तर त्याआधीच. धार कधीही कापडाने पुसू नका, तिच्यावरचा पातळ लेप जातो. पाण्याखाली धरून झटका, बस.

फेस टिकत नाही. साबण खराब निघाला का?

आधी पाणी बघा. बोअरवेलच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार करतं, आणि फेस बसतो. सोलापूर, लातूर किंवा मराठवाड्यातल्या बोअरवर राहणाऱ्यांना हे सांगायला नको, त्यांच्या बादल्यांवरचे पांढरे थर साक्षीला आहेत. एकदा पिण्याच्या फिल्टरचं कपभर पाणी घेऊन फेस करून बघा. फेस उभा राहिला तर साबण निर्दोष आहे. रोजच्या दाढीला तेवढं कपभर पाणी पुरतं, तोंड धुवायला नळाचं चालेल.

दुसरं कारण घाई. टिकियेवर ब्रश निदान अर्धा मिनिट फिरवा आणि पाणी थेंबाथेंबाने वाढवत जा. फेस दह्याइतका दाट आणि चकचकीत हवा. बुडबुडे दिसले तर साबण कमी पडलाय. डब्यातून फुसकन येणारा तयार फेस या रेझरला चालत नाही असं नाही, पण तो गालावर फार लवकर सुकतो.

ब्रश कोणता?

कृत्रिम केसांचा. पूर्वी ते प्लास्टिकसारखे लागायचे, आता नाही. लवकर वाळतात, फेस लगेच होतो. बॅजर आणि डुकराच्या केसांचे ब्रशही मिळतात आणि त्यांचे चाहते पुष्कळ आहेत, पण ज्यांच्या घरात ते चालणार नाही त्यांनी विकत घेण्यापूर्वी खोक्यावर नीट वाचावं.

गळ्यावर लाल पुटकुळ्या येतात. या रेझरने जातील?

बऱ्याच वेळा कमी होतात. अनेक पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये पहिलं पातं केस ओढतं आणि मागचं तो त्वचेच्या पातळीखाली कापतं. कुरळा केस मग वाढताना आतच वळतो आणि तिथे फोड येतो. एका ब्लेडने केस सहसा पातळीवरच कापला जातो. पण उलटा हात मारून, त्वचा ताणून, त्याच जागेवर चारदा रेझर फिरवलात तर एका ब्लेडनेही तेच होईल. पू होत असेल किंवा डाग राहत असतील तर रेझर बाजूला ठेवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

कापलं तर?

तुरटी. किराणा दुकानात काही रुपयांत मिळणारा खडा ओला करून लावा. रक्त थांबतं. अख्ख्या चेहऱ्यावरून फिरवली तर आणखी एक उपयोग होतो: जिथे झोंबेल तिथे आज जोर जास्त लागला. याहून प्रामाणिक परीक्षक नाही. मिनिटभराने गार पाण्याने धुऊन टाका, नाहीतर त्वचा कोरडी पडते. परदेशी कंपन्या हाच खडा घासून-पुसून, डबीत घालून विकतात. तो घेऊ नका.

श्रावणात दाढी करत नाही. महिन्याभराची दाढी या रेझरने निघेल?

आधी ट्रिमरने किंवा कात्रीने खुंटांपर्यंत आणा, मग निघेल. लांब केस थेट ब्लेडखाली आले की ओढले जातात. मात्र चार-पाच दिवसांच्या वाढीला सेफ्टी रेझर कार्ट्रिजपेक्षा सरस, कारण केस अडकायला पाती एकमेकांना चिकटलेली नसतात. दर आठवड्याला एकदाच करणारे असाल तर दातेरी पट्टीचा रेझर बघा, फेस आणि केस त्यातून सहज वाहून जातात. आणि महिन्याभराने दाढी करताना पहिल्या दिवशी फक्त सुलट हात. त्वचेची सवय मोडलेली असते.

आजोबांचा जुना जिलेट कपाटात सापडला. वापरू का?

जरूर. जुने जिलेट बहुतेक पितळेचे, वर मुलामा, आणि आजचंच ब्लेड त्यांत बसतं. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून जुन्या टूथब्रशने घासा, सांध्यांतला वाळलेला साबण निघू द्या. फुलपाखरासारखी दारं उघडणारा असेल तर बुडाची कळ फिरवून दोन्ही दारं सारखी बंद होतात का, पट्टी वाकलेली नाही ना, तेवढं बघा. १९५० च्या दशकातल्या आणि नंतरच्या अमेरिकी जिलेटवर एक अक्षर आणि एक आकडा कोरलेला असतो. अक्षर वर्षाचं, आकडा तिमाहीचा. घरात नसेल तर पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात नशीब अजमावता येतं, पण तिथे रेझर सुटा करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. असा रेझर मिळाला तर महाग नवा घ्यायची गरज उरत नाही, हे मी विकणाऱ्यांचा रोष पत्करून सांगतो.

देखभाल काय?

दाढी झाली की धुवायचा, पाणी झटकायचं, उभा ठेवायचा. आठवड्यातून एकदा सुटा करून साबणाने. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ब्लेडवर गंजाचे ठिपके येतात आणि ब्रशला कुबट वास येतो, म्हणून त्या चार महिन्यांत दोन्ही बाथरूमबाहेर हवेशीर जागी ठेवा.

एक धोका कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. आपल्याकडे संडास-बाथरूम अॅसिडने धुतात. त्याच्या नुसत्या वाफेनेही क्रोमचा मुलामा काळवंडतो आणि स्टेनलेसवर डाग पडतात. ज्या दिवशी अॅसिडची बाटली बाहेर निघेल त्या दिवशी रेझर आधी बाहेर काढा. आणि ब्लेड आवळताना पान्ह्यासारखा जोर नको, झमॅकचे आटे झिजतात. उलट मूठ थोडी सैल ठेवून रेझर जहाल करायची युक्ती कुणी सांगितली तर तीही ऐकू नका, सैल ब्लेड थरथरतं आणि कापतं.

बायकांना चालतो का?

चालतो, आणि पायांसाठी लांब मुठीचा जास्त सोयीचा. घोटा आणि गुडघा इथे सावकाश. काखेत केस अनेक दिशांना वाढतात, तिथे आधी वर, मग आडवा. नवरा-बायकोंनी रेझर एक वापरला तरी ब्लेड वेगळं हवं. रक्तातून पसरणारे आजार, विशेषतः कावीळ बी आणि सी, ब्लेडवरून पसरू शकतात.

कुणी वापरू नये?

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हात थरथरत असेल, किंवा मधुमेहामुळे जखमा लवकर भरत नसतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. अशांना इलेक्ट्रिक शेव्हर बरा. चेहऱ्यावर मुरुमं फुललेली असतील तर ती बसेपर्यंत थांबा.

वापरलेलं ब्लेड टाकायचं कुठे?

कचऱ्याच्या पिशवीत सुटं कधीच नाही. ती पिशवी कुणाच्या तरी उघड्या हातांनी वेगळी केली जाणार असते. दुधाच्या पावडरीचा किंवा औषधाचा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला ब्लेड जाईल एवढी चीर पाडा, झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि ब्लेडं आत टाकत राहा. भरायला काही वर्षं लागतात. भरला की वर मोठ्या अक्षरांत ‘ब्लेड’ लिहून कचरा घेणाऱ्यांच्या हातात, सांगून द्या.

विमानात नेता येतो?

रेझर नेता येतो, ब्लेड केबिन बॅगेत चालत नाही. ब्लेडं चेक-इन सामानात टाका. फक्त हातातलं सामान घेऊन जात असाल तर रिकामा रेझर न्या आणि ब्लेडचं पाकीट तिकडे पोचल्यावर दुकानातून घ्या. सुरक्षा तपासणीला रेझर उघडून दाखवा म्हणाले तर वाद घालू नका. आत विसरलेलं ब्लेड निघालं तर जप्त होतं, म्हणून निघायच्या आदल्या रात्रीच टोपी सोडवून बघा.